नववीच्या ॲनिमेशन वर्गाचे प्रकल्प: ४२ मुलं, ११ संगणक, ३ फोन. काय करून घ्यावं?

कलाशिक्षिका_विजापूररोड

सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत नववीला डिजिटल माध्यम आणि ॲनिमेशन हा विषय आहे. मुलं ४२, आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास. लॅबमध्ये ११ संगणक चालू आहेत, सगळे जुने आय-थ्री, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, पेन टॅब्लेट नाही. फोन तीन मिळतात. जुलै ते डिसेंबर एवढा वेळ हातात आहे आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी पालकांसाठी प्रदर्शन ठेवायचंय. प्रत्येक गटाची एक छोटी, पण पूर्ण झालेली फिल्म दिसावी एवढीच इच्छा आहे.

चाचणीत चार ठिकाणी गाडी अडली. स्टॉप मोशनचे, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत काढलेले, फोटो जोडले की उजेड सारखा लुकलुकतो. चालणारा माणूस काढला तर तो चालल्यासारखा न दिसता जमिनीवरून घसरतो. ब्लेंडर २.७९ हे त्रिमिती ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर या मशीनवर कसंबसं चालतं, पण त्यात मराठी शीर्षक टाकलं की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. आणि पेन्सिल-टू-डी या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेली तर रिकामी उघडते, चित्रंच नसतात.

विषय सोलापूरचेच घ्यावेत असं वाटतं. कोणते विषय या वयाला आणि या साधनांना झेपतील, कामाची वाटणी कशी करावी, गुण कशावर द्यावेत, हे सविस्तर सांगाल का?

माग_आणि_माउस

मॅडम, आधी हिशेब. सगळी अडचण त्यातच असते. सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे १२ चित्रं, धरा. टीव्ही-सिनेमाच्या २४च्या मागे नववीच्या मुलांना लावू नका. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्येही एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायची पद्धत जुनीच आहे. २० सेकंदांची फिल्म म्हणजे २४० फोटो. ३५ मिनिटांच्या तासातली १० मांडामांड आणि आवराआवरीत जातात. उरलेल्या २५ मिनिटांत नीट काम करणारा गट ४० फोटो काढतो. म्हणजे नुसत्या शूटिंगला सहा तास, तीन आठवडे. मुलं सुरुवातीला तीन मिनिटांची गोष्ट घेऊन येतील. तीन मिनिटं म्हणजे २१६० फोटो. हा गुणाकार फळ्यावर त्यांच्याच हातून करून घ्या, गोष्ट आपोआप लहान होते.

सहा-सहा जणांचे सात गट करा. फोन तीनच असल्याने सातही गटांना स्टॉप मोशन देऊ नका. तीन गट कागदी कट-आउट, तीन गट हाताने काढलेली चित्रं आणि एक गट टाइम-लॅप्स (ठरावीक वेळाने फोटो घेऊन संथ बदल भरभर दाखवणं), अशी वाटणी बसते.

विषयाचं म्हणाल तर मी पहिला माग घेईन. सोलापुरात यंत्रमाग चालताना बघणं मुलांना अवघड नाही आणि त्याची हालचाल ॲनिमेशनसाठी जणू मोजून दिलेली आहे. धोट्याचा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणाऱ्या लाकडी तुकड्याचा) साधा यंत्रमाग मिनिटाला साधारण १०० ते १५० फेकी मारतो. १२० धरल्या तर एका फेकीला अर्धा सेकंद, म्हणजे बरोबर ६ फ्रेम. पहिल्या फ्रेममध्ये ताण्याचे (उभे) निम्मे धागे वर, निम्मे खाली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फ्रेममध्ये धोटा डावीकडून उजवीकडे. पाचवीत फणी पुढे येऊन बाण्याचा (आडवा) धागा ठोकते. सहावीत फणी मागे, आणि वरचे धागे खाली, खालचे वर. पुढच्या सहा फ्रेममध्ये तेच, फक्त धोटा उलट दिशेला. बारा चित्रांत एक सेकंदाचा लूप तयार होतो आणि तो कितीही वेळ फिरवता येतो. तोच लूप दहा सेकंद चालू ठेवून पुढे कापड हळूहळू वाढताना दाखवलं की अर्धी फिल्म झाली.

इथे एक चूक हमखास होते. मुलांना आपण शिकवतो की वस्तू हळू सुरू होते, मध्ये वेग घेते, हळू थांबते. धोटा तसा जात नाही. त्याला बाजूने ठोका बसतो, तो पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगात असतो आणि पलीकडे जाऊन दाणकन थांबतो. म्हणून त्याच्या तिन्ही फ्रेममधलं अंतर सारखं ठेवा आणि थांबल्यावर पाचव्या फ्रेमला त्याला अर्धा सेंटिमीटर मागे आणा. एवढ्याशा धक्क्याने लाकडाचं वजन जाणवतं. हळूवार सुरू होणारा धोटा पाण्यावरच्या होडीसारखा दिसतो.

जिथे हळू-जलद-हळू खरोखर लागतं, उदाहरणार्थ दार उघडणं, मान वळवणं, तिथे मुलांना आकडेच द्या. २४ सेंटिमीटर अंतर १२ फोटोंत कापायचं असेल तर सरकवायची अंतरं अशी: ०.५, १, १.५, २, ३, ४, ४, ३, २, १.५, १, ०.५. बेरीज २४ होते. कागदाची पट्टी कापून तिच्यावर या खुणा करायच्या, पट्टी बाहुलीच्या मागे चौकटीबाहेर ठेवायची आणि खुणेप्रमाणे सरकवायचं. डोळ्याच्या अंदाजाने सरकवलं की नववीतलं मूल प्रत्येक वेळी सारखंच अंतर घेतं आणि हालचाल यांत्रिक होते.

चित्रचौकट

लुकलुकण्याचं मी सांगते. कारणं चार असतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन एकत्र असतात.

पहिलं कारण फोनच. तो प्रत्येक फोटोला उजेड, रंग आणि फोकस नव्याने ठरवतो. ज्या ॲपमध्ये एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे तिन्ही हाताने लॉक होतात तेच वापरा. दोनच लॉक होत असतील तर उपयोग नाही.

दुसरं, वीज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत बरोबर दोन ठोके येतात, १/२५ ठेवलं की चार. १/६० किंवा १/१२५ ठेवलं की कधी जास्त उजेड पकडला जातो, कधी कमी. स्टॉप मोशनमध्ये वस्तू स्थिर असते, म्हणून १/२५ किंवा त्याहून सावकाश शटर बिनधास्त चालतं, फक्त फोन हलता कामा नये.

तिसरं, खिडकी. ढग आला-गेला की संपलं. वर्गाच्या खिडक्यांवर जाड सोलापुरी चादरी टांगा, दुहेरी घडी करून. उजेड फक्त आपल्या दोन दिव्यांचा हवा. ९ वॉटचे दोन एलईडी बल्ब, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, टेबलाच्या दोन बाजूंना ४५ अंशात. एक पांढरा आणि एक पिवळट असं करू नका, सावल्यांना दोन रंग येतात आणि नंतर काही करता येत नाही.

चौथं कारण कुणाच्या लक्षात येत नाही: गणवेशाचा पांढरा शर्ट. मूल टेबलाजवळ वाकलं की शर्टावरून उजेड परावर्तित होऊन कागदावर पडतो, दूर झालं की जातो. फोटो काढताना सगळ्यांनी जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेमागे उभं राहायचं, अगदी दर वेळी. फोटोचं बटण दाबणारा एकच. फोनला हात लावायचाच नाही. तारेच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं बटण म्हणून चालतं. फोन एअरप्लेन मोडवर, चार्जर लावलेला.

कट-आउटसाठी फोन वरून खाली बघणारा हवा. दोन बाकांवर फळी आडवी टाका, फळीला कॅमेऱ्याएवढं भोक, फोन वर पालथा ठेवून चिकटपट्टीने पक्का. फळीपासून खालच्या कागदापर्यंत ४५ ते ५० सेंटिमीटर. फळी आणि बाक दोरीने बांधा, कारण एका मुलाचा गुडघा लागला की पुढचे सगळे फोटो आधीच्यांशी जुळत नाहीत. खालच्या कागदाचे चारही कोपरे टेबलावर टेपने आखून ठेवा, म्हणजे पुढच्या तासाला तीच जागा सापडते.

आणि पंखा! आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये पंखा बंद करून चाळीस मुलांना बसवणं शक्य नाही. साधा कार्डशीट उडतो, म्हणून बाहुल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याच्या करा. फुकट मिळतात, मागची बाजू कोरी असते. सांधे दोऱ्याच्या गाठीचे: सुईने दोन्ही तुकड्यांतून दोरा काढायचा, दोन्हीकडे गाठ मारायची, गाठ फार आवळायची नाही. मागून दुहेरी टेपचा बारीक तुकडा लावून त्याचा चिकटपणा आधी बोटाने थोडा मारायचा. नाहीतर बाहुली उचलताना खालचा कागदच फाटतो.

मातीच्या बाहुल्या मी या वर्गाला देणार नाही. दिव्याखाली प्लॅस्टिसिन मऊ पडतं, बाहुली दर फोटोला किंचित खचते, आणि बोटांचे ठसे प्रत्येक फ्रेममध्ये नाचतात. द्यायचीच असेल तर आत दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार हवी. बांधकामाची लोखंडी बाइंडिंग तार वापरली तर ती वाकवल्यावर थोडी परत उसळते आणि हात ठेवलेल्या जागी राहत नाही.

माग_आणि_माउस

शर्टाचं अगदी बरोबर. ते राहून जातं. एक भर घालतो: चालू शूटिंगच्या तासात त्याच सर्किटवर पाण्याची मोटर चालू होते का ते शिपाईमामांना विचारून ठेवा. व्होल्टेज पडलं की बल्ब मंद होतो आणि मग शटर कितीही बरोबर असलं तरी पाच-सात फ्रेम काळपट येतात. असे फोटो त्याच वेळी पुन्हा काढायचे. नंतर संगणकावर उजळ करत बसण्यात दुप्पट वेळ जातो.

लॅब_सहायक_जुळेसोलापूर

फाइल रिकामी उघडते त्याचं कारण सरळ आहे. पेन्सिल-टू-डीमध्ये जतन करायचे दोन प्रकार आहेत. जुन्या ‘पीसीएल’ प्रकारात मुख्य फाइल वेगळी आणि चित्रं बाजूच्या ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. मुलं नुसती फाइल कॉपी करतात, फोल्डर मागेच राहतो. ‘पीसीएलएक्स’ प्रकारात सगळं एकाच फाइलमध्ये बांधलं जातं. जतन करताना तोच निवडायचा. आधीची फाइल ज्या संगणकावर काढली तिथे तो फोल्डर अजून असेल तर चित्रं परत मिळतील, तेव्हा कुणाला काही पुसू देऊ नका.

४ जीबीच्या मशीनवर पेन्सिल-टू-डी सगळ्यात हलकं, तेच ठेवा. क्रिता हे चित्रांचं दुसरं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण हिशेब बघा: १९२० बाय १०८० आकाराचं एक रंगीत चित्र मेमरीत साधारण ८ एमबी घेतं. दोन थर आणि १०० चित्रं म्हटली की दीड जीबीच्या वर गेलं, आणि विंडोजला स्वतःलाच दोन लागतात. १२८० बाय ७२० वर काम केलं तर एक चित्र पावणेचार एमबीच्या आसपास येतं. शाळेच्या प्रोजेक्टरवर ७२० पुरेसं दिसतं.

टॅब्लेट नसताना माउसने चित्रं काढायला लावू नका, रेघ थरथरते आणि मुलांचा हात हिरमुसतो. कागदावर काढून घ्या. ऑफिसचा दोन भोकांचा पंच घ्या, त्याच्या भोकांमधलं अंतर ८ सेंटिमीटर असतं. प्लायच्या तुकड्यावर ८ सेंटिमीटरवर ५ मिलिमीटरचे दोन बोल्ट वर डोकावतील असे बसवा. प्रत्येक कागद पंच करून त्या बोल्टांवर बसवला की सगळी चित्रं एकमेकांवर तंतोतंत येतात. कागद ७० जीएसएमचा झेरॉक्सचा, खालचं चित्र दिसण्यापुरता पातळ. त्याखाली काच आणि काचेखाली एलईडी बल्ब ठेवला की लाइट बॉक्स तयार. चित्रकला सरांच्या खोलीत एखादी जुनी काच सापडेलच, कडांना टेप लावा. मग त्याच बोल्टांवर एकेक कागद ठेवून वरच्या फळीतल्या फोनने फोटो घ्यायचे. स्कॅनरपेक्षा हे जलद होतं.

फोटोंची नावं इंग्रजी अक्षरांत आणि चार आकडी द्या, ०००१ पासून. नुसतं १, २, ३ ठेवलं तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० घेतं आणि मग २. फिल्म मध्येच उड्या मारते आणि मुलं फोटो पुन्हा काढायला लागतात. देवनागरी नावांवरही जुनी सॉफ्टवेअर अडखळतात.

जोडणीला शॉटकट हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या, फोटोंची माळ एकत्र उघडते. पण प्रकल्प सुरू करतानाच व्हिडिओ मोड २४ फ्रेमचा करा आणि प्रत्येक फोटो २ फ्रेम ठेवा. हा मोड २५चा राहिला तर १२ चित्रं २५ फ्रेममध्ये समान बसत नाहीत. कुठे एखादं चित्र तीन फ्रेम टिकतं आणि चाल मध्येच अडखळते. कारण शोधूनही सापडत नाही, कारण चित्रं सगळी बरोबर असतात.

लाइट जाते हे धरूनच चाला. दर दहा मिनिटांनी नव्या क्रमांकाने जतन: gat3-01, gat3-02. एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा जतन करताना वीज गेली तर ती एकमेव फाइलच खराब होते. तासाच्या शेवटच्या तीन मिनिटांत पेन ड्राइव्हवर प्रत, आणि ते काम गटातल्या एकाच मुलाकडे सहा महिने.

ध्वनी_आणि_अक्षर

मराठी शीर्षकाचं. ब्लेंडर २.७९ला देवनागरीची जोडणी येत नाही. ते एकामागून एक अक्षरचिन्हं मांडतं, म्हणून ‘सिद्धेश्वर’ लिहिलं की वेलांटी स नंतर जाते आणि द्ध, श्व सुटे पडतात. फॉन्ट बदलून हे सुधारत नाही. शीर्षक इंकस्केप या रेखाकृतींच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, मजकूर निवडून त्याचं रूपांतर पाथमध्ये (नुसत्या आकारात) करा, एसव्हीजी म्हणून जतन करा आणि ब्लेंडरमध्ये ती आकृती म्हणून आणा. तुम्हाला त्रिमिती अक्षरं नको असतील तर ब्लेंडर मध्ये आणूच नका. पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी काढून थेट शॉटकटमध्ये वरच्या ट्रॅकवर ठेवा. मुक्ता किंवा बालू हे युनिकोड फॉन्ट मोफत आहेत. डीटीपीवाल्याकडून आणलेला जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट वापरला तर दुसऱ्या संगणकावर सगळं अगम्य दिसतं.

अक्षराची उंची ७२०च्या चौकटीत ६० पिक्सेलच्या खाली नको. प्रोजेक्टरच्या उजेडात बारीक काने-मात्रे विरघळतात. शीर्षक किती वेळ ठेवायचं? मोठ्याने दोनदा वाचून होईल एवढा.

आता आवाज, कारण तो शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो आणि तिथेच फिल्म पडते. बोलणं असेल तर आवाज आधी, चित्र नंतर. चार बाकांवर चादरी टाकून लहानशी खोली करा, मूल आत बसेल, फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि थोडा बाजूला. सरळ समोर धरला की प, फ, भ ला हवा आपटते. पंखा बंद, मधल्या सुट्टीत नाही. प्रत्येक वेळी बोलण्याआधी तीन सेकंद गप्प बसायचं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच तुकडा नमुना म्हणून देऊन मागची घरघर कमी करता येते. जास्त कमी केली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, म्हणून ६ ते १० डेसिबलवर थांबा.

ओठांच्या हालचालीसाठी मराठीला सहा तोंडं पुरतात. मिटलेले ओठ (प, ब, भ, म आणि ओठ मिटून म्हटलेला फ), मोठं उघडं (आ), अर्धं उघडं (अ, ए), ताणलेलं (इ, ई), गोल (उ, ऊ, ओ), आणि खालचा ओठ दाताला (व). क, ग, ट, ड, ण यांची जीभ बाहेरून दिसतच नाही, त्यांना वेगळं तोंड काढत बसू नका, शेजारच्या स्वराचं तोंड ठेवा. ‘सोलापूर’ हा शब्द १२च्या हिशेबात असा बसतो: ‘सो’साठी २ फ्रेम गोल, ‘ला’साठी २ फ्रेम मोठं, मग १ फ्रेम मिटलेले ओठ, ‘पू’मधल्या ऊसाठी २ फ्रेम गोल, ‘र’साठी १ अर्धं. एकूण ८. त्यातली मिटलेल्या ओठांची एक फ्रेम कधीही गाळायची नाही. बाकी तोंडं थोडी चुकली तरी डोळा माफ करतो, प-ब-म ला ओठ मिटले नाहीत तर बोलणं तोंडाबाहेरचं वाटतं.

आपल्या वर्गांत घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी बरीच मुलं असतात. संवाद त्यांच्याच भाषेत येऊ द्या, खाली मराठी ओळ द्या. पूर्व भागातल्या विणकर आजोबांचं पात्र पुस्तकी मराठी बोललं तर ते खोटं वाटतं. पार्श्वसंगीत नेटवरून उचलू नका. हलगी वाजवणारं मूल वर्गात सापडतंच, आणि मागाचा खटखट आवाज फोनवर टिपून तोच ताल म्हणून वापरता येतो. १२० फेकी म्हणजे मिनिटाला १२० ठोके, वरच्या लूपशी तो आपोआप जुळतो.

चित्रचौकट

घसरणाऱ्या पायाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून परत आले.

बारा चित्रांत दोन पावलं, म्हणजे एका पावलाला सहा. जागच्या जागी चालणारा माणूस काढून मागचं दृश्य सरकवत असाल तर जमिनीवर टेकलेला पाय दर फ्रेमला जेवढा मागे जातो, तेवढंच दृश्य मागे सरकलं पाहिजे. पाऊल ६ सेंटिमीटरचं असेल तर पाय दर फ्रेमला १ सेंटिमीटर मागे, दृश्यही १ सेंटिमीटर. टेकलेल्या पायाला हळू-जलद अजिबात लावायचं नाही, अंतर समान. हळू-जलद हवेतल्या पायाला. मुलं दोन्ही पायांना तेच लावतात, म्हणून तो घसरतो. चारही मुख्य अवस्था आधी काढून घ्या: टाच टेकली, गुडघा वाकून शरीर खाली, दुसरा पाय जवळून जातोय, शरीर वर. मधली चित्रं नंतर.

याचाच पुढचा धडा म्हणून नंदीध्वज, म्हणजे गड्डा यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, द्या. प्रदर्शन जानेवारीत आहे, मुलांनी मिरवणूक लहानपणापासून पाहिलेली आहे. सात नंदीध्वज, बाराबंदी हा पारंपरिक अंगरखा घातलेले मानकरी, ६८ लिंगांची प्रदक्षिणा. ॲनिमेशनच्या दृष्टीने यातली गंमत वजनात आहे. ध्वज पेलणारा माणूस नेहमीच्या चालीने चालत नाही. खाली जाण्याची अवस्था खोल आणि लांब करा, एका पावलाला ६ ऐवजी ९ फ्रेम, पाऊल आखूड, कंबर मागे. आणि काठीचा शेंडा माणसाच्या मागून येतो: कंबर डावीकडे झुकली की शेंडा दोन-तीन फ्रेमनंतर झुकतो, कंबर परत आली तरी शेंडा अजून जातच असतो. काठी एका तुकड्याची केली तर ती ताठ ओंडक्यासारखी दिसते. तीन तुकडे करून दोऱ्याने सांधा, खालचा आधी हलवा, मग मधला, मग वरचा. सात ध्वज सात वेळा काढायचे नाहीत. एकाचाच लूप, पुढचा प्रत्येक चार फ्रेम उशिरा सुरू करायचा. सगळे एकत्र झुलले तर कवायत वाटते.

एखाद्या गटाला सोलापूरचे चार हुतात्मे घ्यायचे असतील तर छायाकृती करायला सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले. नववीच्या हाताने चेहऱ्यांचं साम्य साधत नाही, आणि न साधलेला चेहरा त्या माणसांवर अन्याय करतो. काळ्या कागदाच्या आकृत्या, मागे दुधी ट्रेसिंग पेपर, त्यामागे दिवा. नावांचं शुद्धलेखन इतिहासाच्या सरांकडून तपासून घ्या.

रोप_आणि_फ्रेम

टाइम-लॅप्सच्या गटाला ज्वारी द्या. मालदांडी घरोघरी असते. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढण्याआधी एका रोपाची वाढ अशीच फ्रेमफ्रेमने टिपली होती, हे मुलांना सांगितलं की कामाला मान येतो.

काचेच्या ग्लासात आतून ओला टिपकागद गुंडाळा, मधे कापूस, आणि दाणे काच व कागद यांच्यात अडकवा, म्हणजे मुळंही दिसतात. दाणे रात्रभर भिजवून घ्या. फोन दर १० मिनिटांनी एक फोटो घेईल असं ॲप लावा. दिवसाला १४४ फोटो, म्हणजे १२ सेकंद. पाच दिवसांचा मिनिटभर होतो, एकाआड एक फोटो घेतला की ३० सेकंद. खिडकीत ठेवू नका, ऊन सरकतं. रिकाम्या कपाटात ठेवून वर एक बल्ब सतत चालू. बल्ब बाजूला असला तर रोप तिकडे वाकतं. चौकटीचा वरचा दोन तृतीयांश भाग सुरुवातीला रिकामा सोडा, नाहीतर चौथ्या दिवशी पातं चौकटीबाहेर जातं. फोकस काचेवर नाही, दाण्यावर लॉक. कापूस पाण्यात बुडवून ठेवला तर बुरशी धरते, नुसता ओला हवा. यासाठी डिस्प्ले तडकलेला जुना फोन पुरतो, चांगला अडकवू नका.

माग_आणि_माउस

उरलेल्या एका गटासाठी चादर. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रणेवर) येण्याआधी चौकटीच्या कागदावर मांडली जाते आणि त्या यंत्रणेतल्या पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक आहे की नाही यावर धागा वर उचलायचा की नाही हे ठरतं. म्हणजे ती पिक्सेलचीच कला. मुलांना ४८ बाय ४८ चौकटी आणि चार रंग द्या. मोर, फूल, काय हवं ते. मग खालून वर दर फ्रेमला एक ओळ उघडत न्या, जशी मागावर विणली जाते. ४८ ओळी, ४ सेकंद. चित्र ४८ पिक्सेलचंच काढून शेवटी १५ पट मोठं करा, पण मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडा, नाहीतर चौकटींच्या कडा धूसर होतात. इतकं छोटं चित्र तुमच्या मशीनवर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये धावेल.

कलाशिक्षिका_विजापूररोड

सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या संगणकावर तो डेटा फोल्डर सापडला, चित्रं परत आली. दोन गोष्टी राहिल्या. पहिले दोन आठवडे, मुलांना फोन-संगणक देण्याआधी, काय करून घ्यावं? आणि गुण?

चित्रचौकट

पहिल्या दोन आठवड्यांत फिरती चकती. २० सेंटिमीटर व्यासाचा पुठ्ठा, कडेने ३० अंशांवर १२ खाचा, प्रत्येक ३ मिलिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर खोल. एका बाजूला खाचांच्या आतल्या अंगाला १२ चित्रं, दुसरी बाजू काळी रंगवलेली. मध्ये टाचणी, पेन्सिलच्या मागच्या रबरात खोचलेली. काळी बाजू डोळ्याकडे धरून आरशासमोर फिरवायची आणि खाचेतून बघायचं. खाचा रुंद झाल्या तर चित्र पुसट दिसतं, अरुंद झाल्या तर अंधारतं. १२ खाचांना १२ चित्रं काढली तर चेंडू जागच्या जागी उडतो, ११ किंवा १३ काढली तर तो चकतीभोवती सरकायला लागतो. हे मुलांना आधी सांगू नका. एका गटाला १३ काढायला लावा आणि का सरकतो ते त्यांनाच शोधू द्या.

गुण २५ धरा. त्यातले ७ फ्रेम-तक्त्याला: प्रत्येक फ्रेममध्ये काय हलतं, किती, आवाज कोणता, हे शूटिंगच्या आधी लिहिलेलं असलं पाहिजे. ८ हालचालीला, ४ आवाजाला, ३ फाइली नीट ठेवण्याला. राहिलेले ३ पूर्ण झाल्याबद्दल, मग फिल्म आठ सेकंदांची का असेना. चित्र सुंदर आहे म्हणून वेगळे गुण ठेवू नका. ज्याचा हात आधीच वळलेला आहे तोच दरवेळी पुढे जातो आणि नीट मोजून सरकवणारं मूल मागे राहतं.

लॅब_सहायक_जुळेसोलापूर

फ्रेम-तक्त्याचे कोरे कागद झेरॉक्स करून ठेवा, एका पानावर ४८ ओळी, म्हणजे एक पान चार सेकंद. २० सेकंदांना पाच पानं. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ज्या प्रोजेक्टरवर दाखवणार त्यावरच एकदा सगळ्या फिल्म चालवून बघा. गडद निळा आणि काळा त्यावर एकच दिसतो, ते दुरुस्त करायला तेव्हा वेळ असतो.